दुसरा वाचक

श्रमिक पत्रकारांच्या नोकरीच्या अटी ठरवण्यासाठी संसदेने १९५५ साली एक कायदा केला. पत्रकार कोणाला म्हणायचे, याची व्याख्या त्यात होती. संपादक, अग्रलेखक, वृत्तसंपादक, उपसंपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, वृत्तछायाचित्रकार अशी नावे घेत ती व्याख्या शेवटी मुद्रितशोधकापाशी, म्हणजे प्रूफरीडरपाशी येऊन थांबे. स्वतः एक ओळही न लिहिणाऱ्या माणसाला कायद्याने पत्रकारांच्या पंगतीत बसवले, कारण त्याच्याशिवाय छापखाना चालत नाही हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते. नागपुरात १९४४ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली ‘तरुण भारत’ निघू लागला, तो काळ खिळ्यांचा होता. त्या काळातल्या छापखान्यांची सर्वसाधारण रीत अशी : जुळाऱ्याने जुळवलेल्या मजकुराचा कच्चा छाप मुद्रितशोधकाच्या टेबलावर येई. तिथे दोघे बसत. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाची; त्याला कॉपीहोल्डर म्हणत. दुसरा छापील कागदावर नजर ठेवून ऐके आणि चूक दिसली की समासात खूण करी. दुरुस्त्या झाल्या की पुन्हा छाप निघे, पुन्हा वाचन होई. लिहिणारा एक, जुळवणारा दुसरा, तपासणारे आणखी दोघे, अशी कामाची वाटणी होती.

संगणक आल्यावर हे सगळे एकाच खुर्चीत येऊन बसले. नागपूरच्या जिल्हा परिषदेतला लिपिक, धंतोलीतल्या रुग्णालयाचा व्यवस्थापक, सिव्हिल लाइन्समधल्या वकिलाचा सहायक, मिहानमधल्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे धाडणारी मुलगी, गृहनिर्माण संस्थेचा सचिव, हे सगळे आज स्वतःचे लेखक आहेत, स्वतःचे टंकलेखक आहेत आणि स्वतःचे मुद्रितशोधकही आहेत. यातले तिसरे काम आपल्याकडे आले आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नाही. कार्यालयातली पत्रे वाईट निघू लागली की आपण शाळेला, मोबाइलला किंवा ‘आजकालच्या मुलांना’ बोल लावतो आणि उपाय म्हणून शुद्धलेखनाची कार्यशाळा भरवतो. कार्यशाळेला हरकत नाही, पण रोग तिथे नाही. मुद्रितशोधन हे मुळात नियम पाठ असण्याचे काम नाही. मजकुराकडे परक्याच्या नजरेने पाहता येईल अशी सोय करण्याचे ते काम आहे. छापखान्याने ती सोय पगारी माणसे ठेवून केली होती. आता ती ज्याची त्याने करायची आहे, आणि ती करता येते.

आपलीच चूक आपल्याला का दिसत नाही, याचे उत्तर आळसात शोधण्याची गरज नाही. वाचताना डोळा अक्षर अक्षर सरकत जात नाही. तो उड्या मारतो, मधेमधे क्षणभर थांबतो आणि उरलेले मेंदू अंदाजाने भरून काढतो. जेम्स कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १८८६ मध्येच दाखवून दिले होते की, ओळखीचा छोटा शब्द वाचायला एका सुट्या अक्षराइतकाच वेळ पुरतो, म्हणजे शब्द आपण अक्षरे एकेक जोडून नव्हे, एकदम उचलतो. पुढे १९७६ मध्ये अॅलिस हीली यांनी इंग्रजी वाचकांना मजकुरातल्या एका विशिष्ट अक्षरावर खूण करायला सांगितली, तेव्हा सगळ्यांत जास्त खुणा राहून गेल्या त्या अगदी साध्या, सतत येणाऱ्या शब्दांत. मराठीत ‘आहे’, ‘आणि’, ‘च्या’ यांची गत तीच आहे. दोनदा पडलेला ‘आहे’ दहा जणांच्या नजरेखालून सहज निघून जातो. मजकूर आपणच लिहिलेला असेल तर अंदाज आणखी बळकट असतो, कारण पुढे काय येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. आपण कागद वाचतच नाही, मनातले वाक्य वाचतो. ज्याला व्याकरण उत्तम येते त्याचीही यातून सुटका नाही. उलट सराईत माणूस भरभर वाचतो म्हणून जास्त फसतो. भाषेच्या प्राध्यापकांच्या पत्रातही चुका सापडतात त्या यामुळेच.

दुसऱ्या वाचकाची ही गरज महाराष्ट्राने काही वर्षांपूर्वी राज्यभर अनुभवली, पण तिच्याकडे मुद्रितशोधन म्हणून कोणी पाहिले नाही. हस्तलिखित सातबारा उतारे संगणकावर चढवताना नावे, क्षेत्र, हिस्से यांत चुका राहिल्या. टंकलेखन करणाऱ्याला गावातला कोण कोणाचा मुलगा हे कसे कळणार? तेव्हा २०१७ मध्ये महसूल खात्याने गावोगाव चावडी वाचन घेतले. संगणकातून काढलेले उतारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचे, आणि ज्याची जमीन त्याने ऐकून चूक सांगायची. छापखान्यातला कॉपीहोल्डर आणि चावडीवरचा तलाठी यांचे काम एकच होते. फरक एवढाच की इथे मूळ प्रत कागदावर नव्हती, ऐकणाऱ्याच्या डोक्यात होती. एवढे करूनही ज्या चुका राहिल्या त्यांच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम १५५ आहे. लेखनातल्या चुकीची दुरुस्ती करणारे हे कलम. त्याखाली तहसील कार्यालयात अर्ज द्यायचा, जुने उतारे आणि फेरफार जोडायचे, आदेशाची वाट पाहायची. एक वेलांटी किंवा एक शून्य दुरुस्त करून घ्यायला शेतकऱ्याला किती खेटे पडतात, हे काटोल, उमरेड किंवा रामटेकच्या तहसील कार्यालयाबाहेर बसलेल्या कोणालाही विचारावे. चूक करणाऱ्याची दहा मिनिटे वाचलेली असतात. ती भरून देणारा वेगळाच असतो. कामाच्या ठिकाणचे लेखन आणि हौसेचे लेखन यांत हाच खरा फरक.

कागदावर शब्द कसा पडला आहे, यावर किती काही अवलंबून असू शकते हे नागपूरला वेगळे सांगावे लागू नये. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ही नोंद म्हणजे आम्हीच, ही गोवारी समाजाची मागणी घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा आला आणि चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी समाजाच्या बाजूने निकाल दिला, तर १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला : यादीतली नोंद जशी आहे तशीच वाचायची, न्यायालयाने तिच्यात भर घालायची नाही. ‘धनगड’ ही नोंद मुळात ‘धनगर’च आहे, फरक फक्त र आणि ड यांचा, हा दावाही बरीच वर्षे लढवला गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो नाकारला. या प्रश्नांच्या मुळाशी इतिहास आहे, समाजाची स्थिती आहे, राजकारण आहे. त्यांना कोणा कारकुनाची चूक म्हणणे हा त्या समाजांवर अन्याय होईल. इथे त्यांचा उल्लेख एवढ्यासाठीच की, अधिकृत कागद एकदा निघाला की लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याला फारशी किंमत उरत नाही. जे उमटले तेच वाचले जाते. आपल्या टेबलावरून जाणारे पत्र राज्यघटनेखालच्या आदेशाइतके मोठे नसेल, पण ते उघडणारा माणूसही आपल्या मनात डोकावू शकत नाही.

आता नियमांकडे. त्यांची भीती त्यांच्या संख्येपेक्षा फार मोठी आहे. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुणे, मुंबई आणि औरंगाबादच्या संस्थांबरोबर नागपूरचा विदर्भ साहित्य संघ त्याच्या घटक संस्थांपैकी एक होता. महामंडळाचे चौदा नियम राज्य सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. झाले अठरा. त्यांतला एक नियम तर नागपूरच्या नावावरच आहे : गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहायचा. दुसऱ्या नियमाने शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ प्रत्यय लागण्यापूर्वी ऱ्हस्व होतो, म्हणून ‘नागपूर’ पण ‘नागपुरात’, ‘वकील’ पण ‘वकिलांना’, ‘जमीन’ पण ‘जमिनीचा’; संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, म्हणून ‘शरीराला’, ‘परीक्षेत’. एवढे दोन-तीन नियम हाताशी असले तर कार्यालयीन पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या बहुतेक चुका आटोक्यात येतात. नागपूरकरांची एक वेगळी अडचण आहे आणि तिचा विचार पुण्याच्या पुस्तकांत फारसा नसतो. इथे हिंदी शेजारी नाही, घरात आहे. हिंदीत ‘नागपुर’, ‘कृषि’, ‘समिति’, ‘शांति’ हे बरोबर. मराठीत ‘नागपूर’, ‘कृषी’, ‘समिती’, ‘शांती’ बरोबर. दोन्ही पाट्या दिवसातून पन्नासदा डोळ्यांसमोरून गेल्यावर हात अडखळणारच. त्यात पुन्हा ‘कृषी विद्यापीठ’ सुटे लिहिले तर दीर्घ, आणि ‘कृषिमंत्री’ जोडून लिहिले की ऱ्हस्व. ‘दीक्षाभूमी’सारखा शब्द तर ‘दिक्षाभूमी’, ‘दीक्षाभूमि’, ‘दिक्षाभुमी’ अशा सगळ्या रूपांत फलकांवर झळकतो. म्हणून नागपुरातल्या कोणत्याही कार्यालयाने करावे असे पहिले काम म्हणजे आपल्या कामात रोज येणाऱ्या पन्नासेक शब्दांची एक यादी भिंतीवर लावणे : महत्त्व, तज्ज्ञ, उज्ज्वल, शीर्षक, पारंपरिक, साहाय्य, सीताबर्डी. आणि त्यात ‘कार्यवाही’ व ‘कारवाई’ ही जोडी अर्थासह असावी. पहिलीने फाइल पुढे सरकते, दुसरीने माणूस निलंबित होतो. मो. रा. वाळंबे यांची पुस्तके किंवा अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ हे नावाप्रमाणेच खिशात मावणारे पुस्तक शंका आली की उघडायला आहेत. यादीचे काम शंका येण्याआधीचे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हे सगळे नियम कोणी केले? मूठभर शिकलेल्यांनी, त्यांच्या बोलीला ‘शुद्ध’ म्हणायचे आणि वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्याला आयुष्यभर चुकल्यासारखे वाटायला लावायचे, हा कुठला न्याय? ‘करून राहिलो’ आणि ‘काहून’ म्हणणारा माणूस विचारात कुठेही कमी नसतो. आक्षेपातला खरा भाग मान्यच करायला हवा. शुद्ध-अशुद्ध ही भाषा सोडून ‘प्रमाणलेखन’ म्हणण्याकडे आता बऱ्याच अभ्यासकांचा कल आहे आणि तो योग्य आहे. हा पावित्र्याचा मामला नसून संकेताचा आहे. पण संकेत आहे म्हणूनच तो कोणालाही शिकता येतो, जन्माने मिळावा लागत नाही. मराठी व्याकरणाच्या जाणकारांत ज्यांचे नाव फार आदराने घेतले जाते त्या यास्मिन शेख १९२५ साली ज्यू कुटुंबात जन्मल्या, विवाहाने मुस्लीम घरात गेल्या आणि ‘मराठी शब्दलेखनकोश’ त्यांनी सिद्ध केला. शिवाय संकेत बदलतातही, आणि बहुधा सोपे होण्याच्या दिशेने. १९६२ पूर्वी ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार द्यावे लागत. ज्याला त्यांची व्युत्पत्ती ठाऊक नाही त्याची पंचाईत होई. ते ओझे नियमांनीच उतरवले. आणि पात्राच्या तोंडचे बोलणे ते बोलेल तसे लिहायला याच नियमांत मुभा आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ या कादंबरीतली वऱ्हाडी कोणी प्रमाण करायला घेईल तर त्याला मुद्रितशोधक म्हणता येणार नाही. काय दुरुस्त करायचे याइतकेच कशाला हात लावायचा नाही हे कळणे त्या कामात मोलाचे असते. साक्षीदाराचा जबाब, रुग्णाने सांगितलेली तक्रार, ग्रामसभेतले म्हणणे हे ज्याचे त्याच्या शब्दांत राहावे. कार्यालयाच्या स्वतःच्या आवाजात जे लिहिले जाते तेवढ्यापुरता संकेत पाळावा. असे पाहिले तर बोलीशी भांडण उरत नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे : हे सारे यंत्र करील, माणसाने का शिणावे? यंत्राची मदत जरूर घ्यावी. ‘उज्वल’खाली लाल रेघ मारायला त्याला कंटाळा येत नाही, आणि रटाळ मसुद्याची दोन पर्यायी रूपे ते क्षणात देते. पण शब्द भाषेत बसतो का एवढेच यंत्राला तपासता येते; या प्रसंगी बरोबर काय, हे त्याला ठाऊक नसते. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही शब्दकोशात आहेत, त्यामुळे ‘कामगार दीन’ या निमंत्रणाखाली लाल रेघ येईलच याची हमी नाही. मोबाइलवर ‘ऱ्या’ काढणे अवघड म्हणून ‘दुसर्या’ लिहिले जाते ते निदान चूक म्हणून दिसते तरी. पण ‘आचाऱ्यांना मानधन देण्यात येईल’ याचे ‘आचार्यांना मानधन देण्यात येईल’ झाले तर वाक्य निर्दोष आणि पैसे भलत्याच्या हाती. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या जागा सोडतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, हा अनुभव राज्यातल्या प्रत्येक छापखान्याला आहे. आडनावांची गोष्ट तर विचारू नये. विदर्भात ‘वानखेडे’ही आहेत आणि ‘वानखडे’ही आहेत, आणि दोघांपैकी कोण समोर बसले आहे हे फक्त त्यांच्या आधार कार्डावरून कळते. हिंगणा आणि हिंगणघाट ही दोन वेगळी गावे आहेत, वेगळ्या जिल्ह्यांतली. नव्या बुद्धिमान यंत्रांचा धोका तर जुन्यांच्या उलटा आहे. त्यांची भाषा इतकी सुरेख वाहते की तिच्यात बुडालेला चुकीचा आकडा शोधण्याची इच्छाच होत नाही. ओबडधोबड मसुदा वाचणाऱ्याला सावध ठेवतो, गुळगुळीत मसुदा गाफील करतो. म्हणजे यंत्रामुळे दुसऱ्या वाचकाची गरज घटली नाही, त्याने काय वाचायचे तेवढे बदलले.

तपासण्याविषयी एवढे बोलल्यावर लिहिण्याविषयी बोलायला हवे, कारण काही मजकूर असा असतो की त्याचे मुद्रितशोधन होऊच शकत नाही. कार्यालयात रोज निघणाऱ्या धाटणीचे हे वाक्य पाहा : ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता न झाल्याने सदर प्रकरणी पुढील कार्यवाही करणे शक्य झालेले नाही.’ यात व्याकरणाची चूक शोधून सापडायची नाही. पण कोणता कागद राहिला, तो कोणी, कधीपर्यंत, कुठे द्यायचा, यांतले काहीच त्यात नाही. आता हे : ‘तुमच्या ५ जूनच्या अर्जासोबत रहिवासी दाखला नव्हता. तो ३० जूनपर्यंत या कार्यालयात आणून दिल्यास अर्ज पुढे जाईल.’ दुसऱ्या मजकुरात चूक असली तर ती उघडी पडते : तारीख चुकेल, दाखला चुकेल, आणि तपासणारा ती पकडेल. पहिल्यात पकडण्यासारखे काही नाहीच. या भाषेचा दोष पुष्कळदा जड संस्कृत शब्दांवर ढकलला जातो, आणि नागपुरात त्याला इतिहास आहे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या राज्याने १९५० मध्ये हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा करणारा कायदा केला, आणि त्या काळात नागपुरात बसून डॉ. रघुवीर यांनी कारभारासाठी संस्कृतावर आधारलेले शब्द हजारोंनी घडवले. पुढे महाराष्ट्राचे भाषा संचालनालय १९६० मध्ये निघाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, आणि १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. त्या शब्दांची टिंगल तेव्हा पुष्कळ झाली. माझ्या मते ती अस्थानी होती. शब्द नवा असला तरी वापराने रुळतो. ‘महापौर’ आणि ‘अधीक्षक’ आज कोणाला खुपतात? रुळत नाही ते कर्ता गाळलेले वाक्य. ‘करण्यात यावे’, ‘झालेले नाही’, ‘निदर्शनास आले आहे’ या रूपांत काम कोणी करायचे हेच नाहीसे होते, आणि ते बहुधा हेतुपुरस्सर असते, कारण नाव आले की जबाबदारी येते. लेखन सुधारण्याचा सर्वांत जलद उपाय म्हणून प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर नसेल तर वाक्य परत पाठवावे.

मग दुसरा वाचक आणायचा कुठून? शेजारच्या टेबलावरचा सहकारी हा उत्तम, आणि दोघांनी एकमेकांची पत्रे वाचण्याचा करार केला तर कोणाचाच अहंकार दुखावत नाही. त्याने चूक परस्पर बदलू नये, समासात प्रश्नचिन्ह करावे. जुने मुद्रितशोधकही शंकेच्या जागी तसेच करीत, कारण शब्दाची मालकी लिहिणाऱ्याची असते. सहकारी नसेल तर स्वतःलाच परके करून घ्यावे लागते. मजकूर थोडा वेळ बाजूला ठेवावा. जेवणाची सुट्टीसुद्धा पुरते. मग तो पडद्यावर न वाचता छापून वाचावा, किंवा फॉन्ट आणि अक्षराचा आकार बदलून वाचावा, म्हणजे ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि ओळखीचे चित्र मोडते. मोठ्याने वाचावे, नाही तर मोबाइलकडून वाचून घ्यावे, आता मराठीतही ते होते. पण कानाच्या मर्यादा ओळखाव्यात. गळलेला शब्द, दुहेरी ‘आहे’, लिंग-वचनाचा घोळ, दम लागेल इतके लांब वाक्य हे कान पकडतो. ऱ्हस्व-दीर्घ तो पकडत नाही, कारण बोलताना आपण ते पुरेसे पाळतच नाही. ते डोळ्याचे काम, ओळीखाली पट्टी धरून संथ वाचण्याचे. आणि नावे, आकडे, तारखा हे ना कानाचे ना डोळ्याचे. ते मूळ कागद शेजारी ठेवून एकेक जुळवून पाहण्याचे काम आहे. सगळे एकाच वाचनात शोधायला गेले की काहीच नीट सापडत नाही, म्हणून फेऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. मजकुरातच ताळा ठेवता आला तर आणखी चांगले. धनादेशावर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहितात, आणि दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरावी असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात म्हटले आहे. तीच युक्ती तारखेला लावावी : ‘मंगळवार, १२ तारीख’ असे लिहिले की वार आणि तारीख एकमेकांवर पहारा देतात. निमंत्रणे आणि बैठकीच्या सूचना यांत हा एक बदल केला तरी निम्मे फोन कमी होतील.

इंग्रजीत काम करणाऱ्यांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडते. उलट परक्या भाषेत अंदाज कमी पक्के असल्याने माणूस थोडा सावकाश वाचतो, हा एक फायदाच. उरतो तो वेळेचा आक्षेप, आणि कार्यालयात काम केलेला कोणीही तो हसण्यावारी नेणार नाही. अधिवेशनाच्या दिवसांत, मार्चअखेरीस, निविदेच्या शेवटच्या तासाला चार फेऱ्या कोण करणार? सगळ्या कागदांना सारखी काळजी लागतही नाही. दोघांतला चहाचा निरोप कसाही लिहावा. ज्या कागदावर सही, रक्कम, मुदत किंवा कोणाचा हक्क आहे त्याला सगळ्या फेऱ्या द्याव्यात. त्यालाही वेळ नसेल तर क्रम उलटा करावा : आपली सवय आधी वेलांट्या आणि मग वेळ उरला तर आकडे अशी असते, कारण वेलांटीची चूक हसवते आणि आकड्याची चूक लगेच दिसत नाही. पाचच मिनिटे हातात असतील तर मूळ कागद शेजारी घेऊन नावे, आकडे आणि तारखा तेवढ्या जुळवाव्यात आणि पत्र सोडून द्यावे. ऱ्हस्वाचे दीर्घ राहिले तर राहू द्यावे. त्याची दुरुस्ती कलम १५५ खाली मागावी लागत नाही.